लघुत्व आणि मूल्य : अन्वेषणप्रधान लघु-खेळांच्या किमतीचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

साहित्यकृतीचा विस्तार आणि तिचे मूल्य यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न साहित्यविचारात जुना आहे. महाकाव्य आणि मुक्तक, कादंबरी आणि लघुकथा, नाटक आणि एकांकिका अशा जोड्यांच्या निमित्ताने तो पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. गेल्या दीड दशकात हाच प्रश्न एका नव्या कथनमाध्यमाच्या संदर्भात, आणि तोही उघड्या आर्थिक भाषेत, विचारला जाऊ लागला आहे. हे माध्यम व्हिडिओ गेमचे. दीड-दोन तासांत संपणारा एखादा खेळ असा असतो की ज्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, हारजीत नाही. खेळाडूने एखाद्या स्थळी फिरावयाचे, तेथील वस्तू पाहावयाच्या आणि त्यांतून अर्थ जुळवावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप असते. असा खेळ दहा किंवा वीस डॉलरांना विकला जातो. तेवढ्याच पैशांत पन्नास-साठ तास पुरणारा दुसरा खेळ मिळत असताना या लघु-खेळाची किंमत समर्थनीय ठरते काय, असा हा प्रश्न आहे.

वरवर पाहता हा ग्राहकाचा व्यवहारी प्रश्न वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी दोन गृहीतके आहेत. कलाकृती म्हणजे वेळेचा साठा असून त्या साठ्याच्या प्रमाणात तिचे मोल ठरते, हे पहिले गृहीतक. लांबी हा कृतीचा अंगभूत, वस्तुनिष्ठ गुणधर्म असून तो घड्याळाने मोजता येतो, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाहीत. त्यांची तपासणी करणे आणि त्या अनुषंगाने लघु-रूपाच्या मूल्यमापनाचे काही निकष सुचविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी संज्ञांविषयी. मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या भांडवलावाचून, एकट्या व्यक्तीने किंवा लहानशा गटाने केलेल्या निर्मितीला इंडी, म्हणजे स्वतंत्र, असे म्हटले जाते. ज्या खेळात कौशल्याच्या कसोटीपेक्षा स्थळाचा शोध प्रधान असतो त्याला येथे ‘अन्वेषणप्रधान’ म्हटले आहे. या प्रकाराला ‘वॉकिंग सिम्युलेटर’ असेही एक नाव आहे. ‘नुसते चालण्याचा खेळ’ अशा उपहासाने ते प्रथम वापरले गेले आणि पुढे रूढ झाले. साहित्यप्रकारांची अनेक नावे मुळात हेटाळणीतूनच आलेली आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

२. तासांच्या मापाची पूर्वपीठिका

खेळाचे मोल तासांत करण्याची सवय निसर्गदत्त नाही; तिला इतिहास आहे. १९७८ साली जपानमधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारखे खेळ सार्वजनिक ठिकाणच्या यंत्रांवर नाणे टाकून खेळले जात. तेथे प्रत्येक डावाला पैसे पडत. म्हणून डाव लवकर संपावा आणि खेळाडूने पुन्हा नाणे काढावे, यात मालकाचे हित होते. पुढे यंत्रे घरात आली आणि खेळ एकदाच, एकरकमी विकत घेण्याची वस्तू झाला. आर्थिक गणित उलटले. एकदा दिलेले पैसे जास्तीत जास्त दिवस पुरावेत, अशी अपेक्षा निर्माण झाली आणि ती भागविण्यासाठी काठिण्य, पुनरावृत्ती, उपकथानके यांची भर पडत गेली. ‘इतके तास पुरणारा खेळ’ हे जाहिरातीचे वाक्य झाले. आज ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या संगणकीय खेळदुकानात खेळाडूच्या अभिप्रायाशेजारी त्याने तो खेळ किती तास खेळला याचा आकडा छापलेला असतो. माप आता दुकानाच्या पानावरच कोरले गेले आहे.

आर्थिक व्यवस्थेने कथनाची लांबी ठरविल्याचे याहून जुने उदाहरण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. सर वॉल्टर स्कॉटच्या ‘केनिलवर्थ’ या कादंबरीपासून, म्हणजे १८२१ पासून, तीन खंडांच्या कादंबरीची एकतीस शिलिंग सहा पेन्स ही किंमत रूढ झाली. सामान्य वाचकाला ती परवडत नसे. तो मुडी यांच्या ग्रंथालयासारख्या वर्गणीच्या ग्रंथालयातून पुस्तक आणी. एकच कादंबरी तीन खंडांत असली की ती एका वेळी तीन वर्गणीदारांना देता येई. तेव्हा ग्रंथालयाला तीन खंड हवे असत, प्रकाशक तीन खंड मागत आणि लेखक, आशय दोन खंडांत मावत असला तरी, तिसरा भरून देत असे. १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या ग्रंथालयांनीच या किमतीला नकार दिल्यावर ही व्यवस्था अल्पावधीत कोसळली आणि सहा शिलिंगांची एकखंडी कादंबरी पुढे आली. कादंबरीचा ‘स्वाभाविक’ विस्तार म्हणून जे समजले जात होते, त्यातील बराचसा भाग ग्रंथालयाच्या हिशेबाचा होता.

मराठीतही पुस्तकाची किंमत ठरविताना फर्म्यांची संख्या प्रथम पाहिली जाते. कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च पानांच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे हा हिशेब अवास्तव म्हणता येत नाही. परंतु त्यातून चौसष्ट पानांचा कवितासंग्रह ‘महाग’ आणि चारशे पानांची कादंबरी ‘स्वस्त’ वाटू लागते, तेव्हा उत्पादनाचे माप आस्वादाच्या क्षेत्रात शिरलेले असते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर या मापाला उत्पादनाचाही आधार नाही, कारण खेळाची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. खर्च होतो तो कल्पनेवर, रेखाटनावर, ध्वनीवर आणि आज्ञावलीवर. आणि हा खर्च खेळाच्या तासांच्या प्रमाणात नसतो.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. मराठी लघुकथेला आपली किंमत एकटीने सिद्ध करण्याची पाळी फारशी कधी आली नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने काढलेल्या पहिल्या दिवाळी अंकापासून कथा ही अंकाच्या सोबतीने वाचकापर्यंत पोहोचत आली. वाचक अंक विकत घेतो. त्यातील एकेका कथेला किती पैसे पडले, हा हिशेब तो मांडत नाही. लघु-खेळ मात्र बहुधा सुटा विकला जातो. त्याचे लघुत्व आणि त्याची किंमत एकाच पानावर, शेजारी शेजारी उभी असतात. किमतीचा प्रश्न येथे इतक्या उघडपणे विचारला जातो, याचे एक कारण या विक्रीपद्धतीत आहे.

३. एका बैठकीचा रूपबंध

लघुत्वाचे साहित्यशास्त्रीय समर्थन करणाऱ्यांत एडगर अॅलन पो याचे नाव प्रथम घ्यावे लागते. नॅथॅनियल हॉथॉर्नच्या ‘ट्वाइस-टोल्ड टेल्स’ या कथासंग्रहाचे १८४२ मध्ये परीक्षण करताना त्याने गद्यकथेची कालमर्यादा अर्धा तास ते एक-दोन तास अशी सांगितली. वाचन एका बैठकीत पूर्ण झाले तरच परिणामाची एकता टिकते. मध्ये व्यवहार शिरला की ती भंगते, असा त्याचा युक्तिवाद होता. या विचारात वेळ येते ती साठा म्हणून नव्हे, मर्यादा म्हणून. जितका वेळ अधिक तितके मोल अधिक, असे पो म्हणत नाही. विशिष्ट परिणामासाठी वेळ एका मर्यादेत राहिली पाहिजे, असे तो म्हणतो.

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार निराळ्या अंगाने झालेला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’मध्ये अमरूच्या मुक्तकांचा निर्देश करताना, एकेका श्लोकात रस असा ओसंडतो की ती मुक्तके प्रबंधाची योग्यता पावतात, अशा आशयाचे प्रतिपादन केले आहे. या प्रतिपादनाचे मर्म ध्वनीच्या कल्पनेत आहे. शब्दांत जे सांगितले त्याहून न सांगितलेले अधिक असते आणि सहृदय ते आपल्या अंतःकरणात पूर्ण करतो. कृती संपते तेथे आस्वाद संपत नाही. चर्वणेचा काळ वाचनाच्या काळाहून दीर्घ असू शकतो.

याच्या विरुद्ध बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मराठीत भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथेला गौण लेखून कादंबरीच्या दीर्घ भाषिक अवकाशाला श्रेष्ठत्व दिले. समाजजीवनाची अनेकपदरी गुंतागुंत पेलण्यास विस्तार लागतो, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होय. ही भूमिका सर्वांना मान्य झाली नाही. परंतु तिच्यात एक तथ्य आहे. काही अनुभव लघु-रूपात मावत नाहीत, आणि लघु-रूप निवडणारा लेखक कधी कधी सोपी वाट धरतो. तेव्हा लघुत्व हा स्वतःच गुण ठरत नाही, जसा तो स्वतःच दोषही ठरत नाही. आशयाने ते लघुत्व मागितले आहे काय, हे प्रत्येक कृतीत स्वतंत्रपणे पाहावे लागते.

४. तीन संहिता

‘डिअर एस्थर’ हा या प्रकारातील आद्य महत्त्वाचा खेळ. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक यांनी २००८ मध्ये तो संशोधनाचा एक भाग म्हणून विनामूल्य प्रसिद्ध केला. ‘हाफ-लाइफ २’ या नेमबाजीच्या खेळाची यंत्रणा त्यासाठी वापरली होती. मात्र नेमबाजी काढून टाकली होती. नेमबाजीच्या खेळातून बंदूक वजा केल्यावर काय उरते, असा जणू हा प्रयोग होता. उरले ते स्कॉटलंडच्या हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक निर्जन बेट, एक पायवाट आणि एक आवाज. हा आवाज एस्थर या मृत पत्नीला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचत राहतो. मोटार-अपघात, बेटावर पूर्वी आलेला एक अभ्यासक, एक मेंढपाळ यांचे उल्लेख त्यांत येतात, परस्परांत मिसळतात आणि कोण कोणाविषयी बोलत आहे याची निश्चिती हरवते. हे तुकडे यंत्राकडून अंशतः यादृच्छिकपणे निवडले जात असल्याने दोन खेळाडूंच्या वाट्याला एकच संहिता येत नाही. तासा-दीड तासात वाट बेटावरील मनोऱ्यापाशी संपते.

किमतीच्या दृष्टीने या खेळाचा इतिहास बोलका आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत, रॉबर्ट ब्रिस्को यांनी नव्याने उभारलेल्या दृश्यभूमीसह आणि जेसिका करी यांच्या संगीतासह, तो सुमारे दहा डॉलरांना विक्रीस आला. मूळ प्रयोग विनामूल्य उपलब्ध होता, तरीही पहिल्या चोवीस तासांत सोळा हजारांहून अधिक प्रती विकल्या गेल्या आणि निर्मितीसाठी मिळालेले भांडवल सहा तासांच्या आत परत फिटले. कथा तीच होती, अवधीही जवळजवळ तोच होता. ग्राहकाने पैसे मोजले ते बेटासाठी: गवतावरून वाहणाऱ्या वाऱ्यासाठी, गुहेतील प्रकाशासाठी, पावलांच्या आणि संगीताच्या लयीसाठी. अन्वेषणप्रधान खेळात स्थळ हे कथेचे नेपथ्य नसून तिचे मुख्य द्रव्य असते, याचा हा बाजारानेच दिलेला पुरावा मानता येईल. मात्र या खेळाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्यात धावता येत नाही. चालण्याची गती मंद ठेवलेली आहे. पहिल्या प्रवासात ही मंदता शोकाच्या लयीशी जुळते. चुकलेली वाट पुन्हा तुडविताना ती केवळ विलंब होते. म्हणजे तासा-दीड तासातही भर घातलेला वेळ असू शकतो.

दुसरा खेळ ‘गॉन होम’. अमेरिकेतील पोर्टलंड येथील फुलब्राइट या छोट्या गटाने तो २०१३ मध्ये सुमारे वीस डॉलरांना विक्रीस आणला. ७ जून १९९५ च्या मध्यरात्रीनंतर केटलिन ही तरुणी युरोपच्या प्रवासाहून ऑरेगन राज्यातील आपल्या कुटुंबाच्या नव्या घरी पोहोचते. बाहेर वादळ आहे, घरात कोणीही नाही आणि दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची, चिठ्ठी आहे. पुढचे दोन-अडीच तास खेळाडू खोल्याखोल्यांतून हिंडतो, खण उघडतो, पत्रे वाचतो, ध्वनिफिती ऐकतो. भयकथेचे सर्व संकेत येथे जमविलेले आहेत. न्हाणीघरातील टबात तांबडे डाग दिसतात. जवळ जाऊन पाहिले की ते केस रंगविण्याच्या द्रव्याचे निघतात. एका मुलीचे दुसऱ्या मुलीवरील प्रेम ही सॅमची कथा तिच्याच आवाजात ऐकू येते. परंतु घरातील मोठ्यांच्या कथा कोणी सांगत नाही. वडिलांच्या अयशस्वी कादंबऱ्यांचा विषय पुनःपुन्हा १९६३ सालाकडे वळतो. त्यांच्या मामाच्या या जुन्या घरातील खुणाही त्याच सालाकडे बोट दाखवितात. बालपणी काय घडले असावे हे शब्दांत कोठेही येत नाही. दोन खुणा शेजारी ठेवणारा खेळाडूच ते जाणतो, आणि न ठेवणाऱ्याच्या हाती वडिलांविषयी फक्त एका अपयशी लेखकाची विनोदी प्रतिमा राहते. आनंदवर्धनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर सॅमची कथा वाच्य आहे, वडिलांची व्यंग्य.

दुसऱ्या गृहीतकाची तपासणी याच खेळाच्या आधारे करता येते. ज्याला घराची माहिती आहे तो थेट माळ्यावर पोहोचून हा खेळ काही मिनिटांत संपवू शकतो. जो प्रत्येक कागद वाचतो त्याला तीन तास लागतात. मग ‘गॉन होम’ची लांबी किती? मुद्रित पुस्तकाची पाने तरी मोजता येतात. येथे निवेदनाचा काळ खेळाडूच्या पायांत आणि कुतूहलात आहे. लांबी हा कृतीचा गुणधर्म न राहता कृती आणि आस्वादक यांच्यातील व्यवहाराचा परिणाम ठरतो. अशा वस्तूचे मोल तासांनी करणे म्हणजे ग्रंथाचे मोल एखाद्या वाचकाच्या वाचनगतीवरून करण्यासारखे आहे.

तिसरा खेळ ‘अ शॉर्ट हाइक’. अॅडम रॉबिन्सन-यू यांनी केलेला हा खेळ २०१९ मध्ये सुमारे आठ डॉलरांना स्वतंत्रपणे विक्रीस आला. त्याच्या नावातच लघुत्वाची कबुली आहे. क्लेअर ही पक्षिरूप मुलगी मावशीकडे एका डोंगराळ उद्यानात आली आहे. तिला एका महत्त्वाच्या दूरध्वनीची प्रतीक्षा आहे आणि तो पोहोचण्याइतकी लहर फक्त शिखरावर मिळते. शिखर गाठण्यासाठी सोनेरी पिसे जमवावयाची. वाटेत मासे धरणारे, धावणारे, चित्र काढणारे भेटतात. कोणाला मदत करावी, कोणाला टाळावे, हे खेळाडूने ठरवावयाचे. शिखरावर फोन येतो तेव्हा कळते की आईची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या क्षणी आधीच्या सर्व भटकंतीचा अर्थ बदलतो. जी रमतगमत केलेली दिरंगाई वाटत होती, ती काळजी टाळण्याची धडपड होती, हे उमगते. हा परिणाम साधण्यासाठी प्रारंभीची बेचैनी शेवटापर्यंत स्मरणात राहिली पाहिजे. चाळीस तासांच्या भटकंतीत ती विरून गेली असती. येथे लघुत्व आशयाने मागितलेले आहे, असे निश्चित म्हणता येते.

५. दोन तासांची सीमा

२ जून २०१५ पासून स्टीमने परताव्याचा नियम लागू केला. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ कोणत्याही कारणाने परत करून पैसे मागता येतात. सदोष, फसव्या किंवा संगणकावर न चालणाऱ्या खेळांपासून या नियमाने ग्राहकाला खरे संरक्षण दिले, यात शंका नाही. पन्नास तासांच्या खेळात दोन तास म्हणजे दुकानात उभ्याने चाळलेली काही पाने. परंतु पो याने कथेसाठी सांगितलेली कमाल मर्यादा आणि दुकानाने नमुन्यासाठी आखलेली मर्यादा नेमकी एकच, दोन तासांची, आहे. परिणामी एका बैठकीत पूर्ण होणारी कृती या नियमाच्या दृष्टीने संपूर्णपणे ‘नमुना’ ठरते. शेवटचे पान वाचून झाल्यावरही पुस्तक परत करता यावे, तशी ही स्थिती आहे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये याचे उदाहरण चर्चेत आले. ‘समर ऑफ ५८’ या दोन तासांच्या आत संपणाऱ्या भयकथात्मक खेळाच्या निर्मात्याने, एमिका गेम्स या नावाने काम करणाऱ्याने, खेळाडूंचे अभिप्राय अनुकूल असूनही परताव्यांची संख्या फार मोठी असल्याचे सांगून अनिश्चित काळासाठी निर्मिती थांबवीत असल्याचे जाहीर केले. खेळ आवडलेल्यांनीही पैसे परत घेतले, ही यातील मर्माची गोष्ट. त्यांना फसविले गेले नव्हते. नियमाने त्यांना सांगितले होते की दोन तासांपर्यंत खरेदी पूर्ण होत नाही.

अशा नियमाचा परिणाम निर्मितीच्या रूपावर कसा होऊ शकतो, हे तीन खंडांच्या कादंबरीने पूर्वीच दाखविले आहे. सव्वा तासात संपणारी कथा सव्वादोन तासांपर्यंत ताणावी, चाल मंद करावी, किल्ल्या दूर दडवाव्यात, एकच वाट दोनदा चालावयास लावावी, असा मोह निर्मात्याला पडणे स्वाभाविक आहे. ग्राहकाला अधिक देण्यासाठी आलेले माप अशा प्रकारे त्याला निकृष्ट काही देऊ लागते.

६. ग्राहकाची बाजू

येथवरच्या विवेचनातून असा निष्कर्ष काढता येणार नाही की लघु-खेळाची कोणतीही किंमत समर्थनीय असते. ग्राहकाच्या आक्षेपात तीन सबळ मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा मालकीचा. तासाभरात वाचून झालेला कवितासंग्रह कपाटात राहतो, मित्राला देता येतो, ग्रंथालयात जमा होतो, रद्दीच्या दुकानातून नव्या वाचकाकडे जातो. स्टीमवर घेतलेला खेळ विकता येत नाही. ग्राहकाला मिळतो तो केवळ परवाना. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये केलेल्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर स्टीमने त्याच वर्षी ही गोष्ट खरेदीच्या पानावर स्पष्टपणे लिहिण्यास सुरुवात केली. पुस्तकाशी केलेली तुलना येथे लघु-खेळाच्या विरोधात जाते. आस्वादाचे मूल्य समान मानले, तरी हाती उरणारी वस्तू समान नाही.

दुसरा मुद्दा क्रयशक्तीचा. वीस डॉलर ही रक्कम पोर्टलंडमध्ये एका जेवणाची असेल. पुण्याच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला ती महिन्याच्या हिशेबात धरावी लागते. ज्याला वर्षातून दोन-तीनच खेळ घेता येतात, त्याने दीर्घ खेळ निवडावा, हे रसिकतेच्या अभावाचे लक्षण नव्हे. तासांचे माप हे अनेकदा अल्प साधने असलेल्या वाचकाचे संरक्षण असते, हे समीक्षकाने विसरू नये.

तिसरा मुद्दा गुणवत्तेचा. लघुत्वाच्या नावाखाली अपुरेपणा खपविला जाऊ शकतो. रिकामे, परंतु सुंदर रंगविलेले स्थळ म्हणजे अर्थपूर्ण अवकाश नव्हे. ‘गॉन होम’मधील न्हाणीघराचा टब पाहणाऱ्याची अपेक्षा बदलतो, असे ज्या स्थळी काहीच घडत नाही, तेथे खेळाडूने मोजलेले पैसे चित्राचे असतात, अन्वेषणाचे नसतात.

हे तिन्ही मुद्दे मान्य केले तरी ते किमतीच्या रकमेविषयी आणि विक्रीच्या पद्धतीविषयी बोलतात. तासांचे माप योग्य आहे, असे त्यांतून सिद्ध होत नाही. स्थानिक चलनातील वेगळी किंमत, सवलतीची विक्री, अनेक खेळांचा संच ही त्यांची उत्तरे असू शकतात. संच ही कल्पना तर मराठी वाचकाला दिवाळी अंकाने शिकविलेलीच आहे. ‘अ शॉर्ट हाइक’ही प्रथम वर्गणीदारांसाठीच्या अशाच एका मासिक संचातून पुढे आला होता.

७. समारोप

मराठीत ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ हे दोन शब्द आहेत. चर्चेत मात्र ते पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. किंमत ही व्यवहाराची बाब आहे आणि तिच्यावर ग्राहकाचा पूर्ण अधिकार आहे. मूल्याचा निर्णय कृतीच्या रूपाकडे पाहूनच करावा लागतो. लघु अन्वेषणप्रधान खेळाच्या बाबतीत त्यासाठी तीन निकष उपयोगी पडतील. कृतीचे लघुत्व आशयाने मागितलेले आहे काय. स्थळातील प्रत्येक टप्पा पाहणाऱ्याच्या आकलनात काही भर घालतो काय. आणि खेळ संपल्यावर त्यातील न सांगितलेले मनात पूर्ण होत राहते काय. ‘अ शॉर्ट हाइक’ पहिल्या निकषावर, ‘गॉन होम’ तिसऱ्या निकषावर विशेष उतरतो. ‘डिअर एस्थर’ दुसऱ्या निकषावर काही ठिकाणी उणा पडतो. या निकषांवर न उतरणारा दहा तासांचा खेळही महागच म्हटला पाहिजे.

जाणकारांच्या वर्तुळात लघु-रूपाची कदर झालेली आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये जे व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत जेसन रोहरर यांचा अवघ्या पाच मिनिटांचा ‘पॅसेज’ होता. स्वतंत्र खेळांच्या महोत्सवातील सेमस मॅकनॅली पारितोषिक २०२० मध्ये ‘अ शॉर्ट हाइक’ला आणि २०२४ मध्ये ‘वेन्बा’ला मिळाले. टोरांटो येथील गटाने केलेला ‘वेन्बा’ अन्वेषणापेक्षा पाककृतींच्या आधाराने कथा सांगतो. कॅनडात स्थलांतरित झालेल्या एका तमिळ कुटुंबाची ती कथा दीड-एक तासात संपते, आणि त्याच्याही किमतीविषयी हाच प्रश्न विचारला गेला.

या शेवटच्या उदाहरणात या प्रश्नाचे मराठीच्या दृष्टीने असलेले महत्त्व दडलेले आहे. शंभर तासांचे जग उभे करण्यास शेकडो माणसे आणि प्रचंड भांडवल लागते. एका बैठकीचे जग एक-दोघे उभे करू शकतात. गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हने २०२१ मध्ये ‘फरगॉटन फील्ड्स’ हा, विकल्या जाणाऱ्या जुन्या घराला शेवटची भेट देणाऱ्या लेखकाचा खेळ केला, तो अशाच अल्प साधनांवर. एखाद्या वाड्याच्या, गिरणीच्या चाळीच्या किंवा धरणाखाली गेलेल्या गावाच्या अवकाशात हिंडविणारी कथा मराठीत कोणी रचावयाची ठरविली, तर तिला परवडेल ते रूप लघुच असेल. लहान बाजारपेठ असलेल्या भाषांना या माध्यमात प्रवेश मिळण्याचे हेच दार आहे. तासांच्या मापाने ते बंद झाले, तर महागड्या खेळांचे काही बिघडणार नाही. ज्या भाषांना अद्याप या माध्यमात बोलावयाचे आहे, त्यांचे बोलणे सुरू होण्यापूर्वीच थांबेल. म्हणून ‘हा खेळ किती तासांचा’ या प्रश्नाच्या जागी ‘हा खेळ जेथे संपला तेथेच तो संपावयास हवा होता काय’ हा प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला आणि समीक्षकाला लावून घ्यावी लागेल.